ओव्हरक्लॉकिंग

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर चालविणे होय. प्रोसेसरमधील सर्व कामे एका अंतर्गत घड्याळाच्या तालावर चालतात. एक गिगाहर्ट्झ वारंवारता म्हणजे सेकंदाला एक अब्ज स्पंद. हा ताल वाढविल्यास तेवढ्याच वेळात अधिक आज्ञा पार पडतात. मात्र वीजवापर, उष्णता आणि चुकीची शक्यताही वाढते. अल्प किमतीच्या प्रोसेसरकडून महागड्या प्रोसेसरइतके काम करून घेणे हा या प्रक्रियेचा मूळ हेतू होता.

पार्श्वभूमी

एकाच साच्यातून निघालेले प्रोसेसर चाचणीनंतर वेगवेगळ्या वारंवारतेच्या नावांनी विकले जातात. बाजारात स्वस्त मालाची मागणी अधिक असल्यास चांगल्या क्षमतेचे नगही कमी वारंवारतेचा शिक्का घेऊन बाहेर पडतात. 1998 साली आलेला इंटेलचा सेलेरॉन 300ए हे याचे गाजलेले उदाहरण होय. त्याचा गुणक 4.5 असा कायम केलेला होता, पण मदरबोर्डवरील मूळ वारंवारता 66 ऐवजी 100 मेगाहर्ट्झ केली की तोच प्रोसेसर 300 ऐवजी 450 मेगाहर्ट्झवर चाले. सुटे भाग जुळवून संगणक तयार करून घेण्याच्या त्या काळात या स्वस्त प्रोसेसरला मोठी लोकप्रियता मिळाली.

गुणकाला कुलूप घालण्यामागे केवळ नफ्याचा विचार नव्हता. कमी वारंवारतेच्या प्रोसेसरवरील शिक्का बदलून तो चढ्या भावाने विकण्याची फसवणूकही त्या दशकात होत असे. पुढे कंपन्यांनी काही प्रोसेसर मुद्दाम कुलूपमुक्त ठेवले. 2014 साली पेंटियम नावाच्या विसाव्या वर्धापनानिमित्त आलेला दोन गाभ्यांचा जी3258 हा असाच एक स्वस्त नग. एएमडीच्या रायझन मालिकेतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर कुलूपमुक्त असतात. मात्र सोबतचा मदरबोर्ड बी350, बी450 यांसारख्या चिपसेटचा लागतो. ए320 या सर्वांत स्वस्त चिपसेटवर ही सोय नाही. इंटेलच्या बाबतीत नावापुढे ‘के’ असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्ड अशी जोडी सामान्यतः घ्यावी लागते, त्यामुळे काटकसरीचा मूळ हेतूच बाजूला पडतो.

उष्णतेचे गणित

प्रोसेसरने वापरलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ही वीज वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, आणि विद्युतदाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. अधिक वारंवारतेवर स्थिर राहण्यासाठी विद्युतदाबही वाढवावा लागतो, आणि खरी अडचण येथेच सुरू होते.

2018 साली आलेला रायझन 3 2200जी हा चार गाभ्यांचा प्रोसेसर उदाहरणादाखल घेता येईल. त्याची मूळ वारंवारता 3.5 गिगाहर्ट्झ आणि तापमानाची कमाल मर्यादा 95 अंश सेल्सिअस आहे. वारंवारता 3.9 गिगाहर्ट्झ केली आणि त्यासाठी विद्युतदाब 1.20 वरून 1.35 व्होल्टवर नेला, असे मानू. वेग सुमारे 11 टक्के वाढला; उष्णता मात्र सुमारे 41 टक्के वाढली.

हीटसिंक व पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते केवळ हवा आणि प्रोसेसर यांच्या तापमानातील अंतर आटोक्यात ठेवतात. मूळ वेगावर हे अंतर 45 अंश असेल, तर 25 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 70 अंशांवर राहतो. उष्णता 41 टक्क्यांनी वाढली की तेच अंतर सुमारे 63 अंशांचे होते आणि प्रोसेसर 88 अंशांवर जातो. हिवाळ्यात हे चालून जाते.

चंद्रपूर जिल्ह्यातील स्थिती

चंद्रपूर हे देशातील अतिउष्ण शहरांपैकी एक असून उन्हाळ्यात तेथील पारा अनेकदा 45 अंशांच्या पुढे जातो. नवतपाच्या दिवसांत बंद खोलीतील हवा 42 अंशांवर असेल, तर वरील हिशेबाने प्रोसेसरला 105 अंश गाठावे लागतील. मर्यादा 95 ची असल्याने तो तेथवर जाण्यापूर्वीच स्वतःचा वेग उतरवतो. अशा वेळी वाढविलेली वारंवारता कागदावर राहते आणि संगणक मूळ वेगापेक्षाही मंद चालू शकतो. मूळ वेगावर याच खोलीत तापमान 87 अंश राहिले असते. म्हणून विदर्भात जानेवारीत केलेली स्थैर्याची चाचणी मे महिन्यासाठी ग्राह्य धरता येत नाही.

येथे ‘कूलर’ या शब्दाने थोडा गोंधळ होतो. संगणकाच्या दुकानात त्याचा अर्थ प्रोसेसरवरील पंखा असा होतो, तर वैदर्भीय घरात ओल्या वाळ्यातून हवा फेकणारी पेटी असा. कोरड्या उन्हाळ्यात ही पेटी खोलीचे तापमान लक्षणीय उतरवते आणि त्याचा लाभ प्रोसेसरलाही होतो. मात्र कॅबिनेट तिच्या थेट झोतात ठेवू नये; हवेबरोबर येणारे क्षारयुक्त तुषार मदरबोर्डवर बसतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की पेटीचा उपयोग फारसा उरत नाही.

माणिकगडच्या डोंगरांतील जिवतीसारख्या तालुक्यात सुटा भाग निकामी झाल्यास गडचांदूर, राजुरा किंवा थेट चंद्रपूर गाठावे लागते. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान उत्पादकाच्या हमीतही बसत नाही. घरात एकच संगणक असेल आणि त्यावर मुलांचा अभ्यास किंवा ऑनलाइन अर्जांचे काम चालत असेल, तर हा प्रयोग टाळणे इष्ट.

शीतकरण आणि स्थैर्य

खर्च करण्याआधी साफसफाई करावी. हीटसिंकच्या पात्यांत धूळ आणि कापसाचे तंतू अडकले की हवा खेळत नाही. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून तिचा नवा, पातळ थर द्यावा; जाड थर उष्णतेला अडवतो. स्वस्त मदरबोर्डवर विद्युतदाब नियंत्रित करणाऱ्या घटकांवर बहुधा हीटसिंक नसते. प्रोसेसर थंड असूनही हे घटक तापून संगणक बंद पडू शकतो, आणि नवशिक्याच्या हे लवकर ध्यानात येत नाही.

वारंवारता बायोसमधून 50 ते 100 मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी वाढवितात आणि प्रत्येक टप्प्यावर चाचणी घेतात. यासाठी वापरली जाणारी प्राइम95 ही प्रणाली मुळात मर्सेन मूळ संख्यांच्या शोधासाठी तयार झाली. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी प्रदीर्घ गणिते ती सोडविते आणि उत्तर जुळले नाही की थांबते. संगणक मध्येच बंद पडणे ही अस्थैर्याची ढोबळ खूण. त्याहून घातक म्हणजे न थांबता चुकीचे उत्तर देणे, कारण त्यातून साठविलेल्या फाइली नकळत बिघडतात. म्हणून प्रयोगापूर्वी फाइलींची प्रत अन्यत्र ठेवावी. संगणक सुरूच होत नसल्यास वीज तोडून मदरबोर्डवरील बटनासारखी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवली की जुन्या मदरबोर्डवर बहुधा मूळ मांडणी परत येते.

अंडरव्होल्टिंग

वारंवारता तीच ठेवून विद्युतदाब कमी करणे यास अंडरव्होल्टिंग म्हणतात. वरील उदाहरणात विद्युतदाब 1.20 वरून 1.10 व्होल्टवर आणल्यास उष्णता सुमारे 16 टक्क्यांनी घटते आणि 42 अंशांच्या खोलीतील प्रोसेसर 87 ऐवजी 80 अंशांच्या आसपास राहतो. प्रत्येक नगाची सहनशक्ती वेगळी असल्याने येथेही तीच चाचणी घ्यावी लागते. 2200जी सारख्या, चित्रप्रक्रिया अंगभूत असलेल्या प्रोसेसरमध्ये एका रॅमपट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या बसविल्यास खेळ व चित्रफितींच्या कामात मिळणारा लाभ बहुधा या 11 टक्क्यांहून अधिक असतो.