कोहळ्यातलं भूत

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. मोटारींना बंदी असलेल्या या डोंगरावर दिवस मावळला की रान थेट अंगणात येतं. भुताच्या गोष्टीला याहून चांगली जागा रायगडात नाही. ऑक्टोबरअखेर सुट्टीला आलेली शहरातली मुलं इथे हॅलोविन मागतात: मुखवटे, कोरलेला भोपळा, रात्रीचा खाऊ. मागू देत. मला त्यांच्या हाती त्यासोबत आपला एक शब्द द्यायचा आहे.

हॅलोविनमधले 'हॅलो' म्हणजे संत आणि 'ईन' म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची ही आदली संध्याकाळ. भोपळा त्यात उशिरा आला. आयर्लंड-स्कॉटलंडात सलगम कोरत. तिथली माणसं अमेरिकेत गेली आणि त्यांना कोरायला सोपा, मोठा लाल भोपळा मिळाला.

आता आपला शब्द. संस्कृतात कोहळ्याला 'कूष्मांड' म्हणतात, आणि शिवाच्या गणांतल्या एका भूतवर्गाचं नावही कूष्मांडच! फळ आणि भूत एकाच नावाचं. प्राकृतात त्याचा 'कोहंड' झाला, मराठीत 'कोहळा'. कृष्णाचा कान्हा होताना जसा ष चा ह झाला, तसाच इथेही. दाराला दृष्ट लागू नये म्हणून टांगतात तो कोहळा, वास्तुशांतीला बळी म्हणून कापतात तोही कोहळाच. भुताच्या नावाचं फळ भुतांना आवरायला ठेवलेलं, हे मला फार आवडतं.

कार्तिक शुद्ध नवमी ही कूष्मांड नवमी. विष्णूने कूष्मांड दैत्याला मारलं आणि त्याच्या केसांतून कोहळ्याचे वेल उगवले, अशी कथा सांगतात. त्या दिवशी कोहळ्याचं दान असतं. हीच तिथी आवळा नवमीचीही. आवळीच्या झाडाखाली घरची पंगत बसते. आवळा देऊन कोहळा काढणाऱ्यांची ही दोन्ही फळं एकाच तिथीला भेटतात! २०२५ साली ही नवमी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती.

लाल भोपळा मात्र मूळचा अमेरिकेचा. पोर्तुगीज आल्यानंतर तो आपल्याकडे रुळला. म्हणून संस्कृत कूष्मांड म्हणजे पांढरा कोहळाच. 'भोपळा' हे नाव आधी दुधीच्या कुळाकडे होतं. वीणेचा भोपळा आठवा. पाहुण्याला जुनीच नावं मिळाली: कुठे तो डांगर झाला, विदर्भात तर थेट कोहळं. वाघ-कोल्ह्यांच्या रानातून लेकीकडे जाणारी म्हातारी परतताना भोपळ्यात बसून येते, ती गोष्ट मुलांना इथे, या रानात सांगावी. पोकळ भोपळ्यातून आवाज येतो आणि वाघ बुचकळ्यात पडतो. कोरलेल्या भोपळ्याशेजारी ही म्हातारी मला मुळीच परकी वाटत नाही.

आणि कोरून काढलेला गर टाकू नये. तो किसून गुळात शिजवावा, वेलची घालावी, मावेल तेवढी कणीक आणि थोडी तांदळाची पिठी मळून घारगे थापावेत. घारगा, घारी हे शब्द संस्कृत 'घारिके'च्या कुळातले दिसतात. घारगा थापताना बोटाने दोन डोळे आणि तोंड पाडा. भोकांमुळे तो तळताना टम्म फुगणार नाही, पण मुलं आधी तोच उचलतील.