सतरा सप्टेंबरनंतर गावात परतताना

देवगाव फाटा म्हटलं की ऑफिसात हमखास प्रश्न येतो, "गाव आहे की नुसता फाटा?" परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं हे ठिकाण दोन्ही आहे. इथून एक रस्ता जिंतूरला जातो, एक मंठ्यावरून जालन्याला आणि एक सेलूला. एका बसमधून उतरायचं, दुसरी येईपर्यंत चहा प्यायचा, एवढीच बहुतेकांची या फाट्याशी ओळख. आम्ही जे इथे वाढलो, ते इंजिनिअरिंगला म्हणून बाहेर पडलो आणि आता दिवाळीला, लग्नाला, नाहीतर सातबाऱ्याच्या कामाला येतो.

परत आल्यावर जुने मित्र बदललेले दिसतात, ही आमच्या पिढीची सार्वत्रिक तक्रार आहे. कारणं आपण पगारात, शहरात, लग्नात नाहीतर मोबाइलमध्ये शोधतो. ती खोटी नाहीत. पण मराठवाड्यात मैत्र्या बदलण्याचा एक जुना इतिहासही आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली असंख्य माणसं 1947-48 मध्ये गाव सोडून गेली आणि नंतर परत आली. परतल्यावर त्यांना कोण भेटलं, कोण भेटलं नाही, कोणी नजर चुकवली, असा तो इतिहास. दर 17 सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन होतं, भाषणं होतात. 18 सप्टेंबरपासून पुढे गावात काय झालं, ते कुठल्याच भाषणात येत नाही.

लोणार परराज्यात होतं तेव्हा

फाट्यावरून मंठा आणि मंठ्याच्या पुढे लोणार. शाळेची सहल ठरलेली असायची, उल्का पडून झालेलं सरोवर बघायला. वाटेत सीमा ओलांडतोय असं कधी वाटलं नाही. 1948 मध्ये मात्र या वाटेवर खरीखुरी सीमा होती. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, लोणार वऱ्हाडात. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं असलं तरी 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि 1902 च्या करारानं त्यांच्याकडे कायमच्या भाडेपट्ट्यानं गेलं. 15 ऑगस्ट 1947 ला वऱ्हाड स्वतंत्र भारतात आलं. सीमेच्या अलीकडे आपण तसेच राहिलो.

अलीकडचं जग वेगळं होतं. नाणं वेगळं, त्याला हाली सिक्का म्हणत. जकातीचं खातं वेगळं, त्याचं नाव करोडगिरी. टपाल वेगळं. सरकारी कागदावर सालही फसली असायचं. त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन निघतो. कचेरीची भाषा उर्दू, सरकारी शाळांत वरच्या वर्गांचं मुख्य माध्यम उर्दू आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच. घरी मराठी बोलणारा पोरगा शाळेत उर्दूतून गणितं सोडवायचा. हे त्याच्यावर लादलेलं होतं यात शंका नाही. पण त्याच बाकावर बसून त्यानं दोस्तही केले होते.

निजाम मीर उस्मान अली खानानं भारतात सामील व्हायला नकार दिला. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना 15 ऑगस्ट 1947 लाच अटक झाली. 29 नोव्हेंबरला भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, पण गावांत काहीच जैसे थे राहिलं नाही. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाताखाली रझाकारांच्या तुकड्या वाढल्या. लूट, जाळपोळ, खून सुरू झाले. दुसऱ्या बाजूनं स्टेट काँग्रेसनं सीमेपलीकडे सशस्त्र कॅम्प उभे केले. आपल्या बाजूला उमरखेडचा कॅम्प त्यांत गाजलेला. सीमेलगतची कितीतरी कुटुंबं रातोरात वऱ्हाडात पाहुण्यांकडे गेली. मागे राहिली ती जनावरं, बळदातली ज्वारी आणि शेजारी.

शाळेत ही गोष्ट सरळ दोन रंगांत शिकवली जाते. तशी ती नव्हती. भारतात विलीन व्हा, रझाकारांना आवरा, असं लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान याचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत खून झाला. तो मुसलमान होता. बी. श्यामसुंदर यांच्यासारखे काही दलित नेते निजामाच्या बाजूनं उभे होते, तर डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर 1947 मध्येच दलितांना निजामाची बाजू घेऊ नका असं जाहीरपणे सांगितलं होतं. कोण कोणाचा, हे नुसत्या नावावरून कळण्यासारखं नव्हतं.

पाच दिवस आणि त्यानंतर

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. 17 तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. 18 ला सेनेनं हैदराबाद शहराचा ताबा घेतला आणि जनरल जे. एन. चौधरी लष्करी प्रशासक झाले. ही मुक्ती होती, आणि ती तशीच साजरी व्हायला हवी. आमच्या घरातही त्या दिवशी गोडधोड होतं.

पण मुक्तीनंतरच्या आठवड्यांत सूड सुरू झाला. आता त्याचं लक्ष्य गावातले साधे मुसलमान होते. त्यांतल्या बहुतेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांनी नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत संस्थानातल्या 16 पैकी 9 जिल्ह्यांचा दौरा केला. त्यांच्या अंदाजानुसार पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर 27 ते 40 हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना बसली. या आकड्यांवर वाद आहेत. अहवाल मात्र सरकारनं पन्नासहून अधिक वर्षं दाबून ठेवला. त्यात रझाकारांच्या अत्याचारांचीही स्पष्ट नोंद आहे, हे अहवाल न वाचता त्यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना सांगायला हवं.

त्या अहवालातली एक नोंद मला आकड्यांपेक्षा मोठी वाटते. अनेक ठिकाणी हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, आणि एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये हे विशेष दिसलं. काही गावांत हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी आडवे उभे राहिले आणि त्यात काहींचे प्राणही गेले. धर्म, पक्ष, घोषणा सगळं उधळलं, तेव्हा रोज शेजारी बसून केलेलं काम टिकलं.

बोलणं होतं, बसणं नव्हतं

आमचे पणजोबा कुटुंब घेऊन मेहकरकडच्या नातेवाइकांकडे गेले होते. जाताना बैलजोडी शेजारच्या मुसलमान कुटुंबाकडे ठेवली. पोलीस कारवाईनंतर परतले तेव्हा शेजाऱ्याच्या घराला कुलूप होतं आणि बैल गावातल्या तिसऱ्याच माणसाच्या गोठ्यात होते. शेजारी स्वतः जीव वाचवायला पळाला, पण पळायच्या आधी बैल विश्वासाच्या माणसाकडे बांधून गेला. काही महिन्यांनी तोही परत आला. बैलांचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. नंतरच्या दिवसांचं वर्णन पणजोबा एका वाक्यात करायचे, असं आजी सांगते: "बोलणं होतं, बसणं नव्हतं."

गावात मैत्री मोडली असं कोणी म्हणत नाही. रामराम-सलाम चालू राहतो, लग्नाची पत्रिका जाते, मयतीला माणसं येतात. फक्त पारावर शेजारी बसणं थांबतं.

दुसरी गोष्ट मला ऐकायला मिळाली ती कुणबी नोंदींमुळे. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर निजामकालीन कागदांचा शोध सुरू झाला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. आमच्याही घरी ट्रंकेतून फसली सालाचा एक पिवळा कागद निघाला. घरात कोणालाच तो वाचता येईना. शाळेतल्या माझ्या एका मित्राचे आजोबा उर्दू वाचतात, हे मला आठवलं. मित्राचं फाट्यावर टायर-पंक्चरचं दुकान आहे. आमच्या दहावीच्या ग्रुपमधून तो काही वर्षांपूर्वी न बोलता बाहेर पडला होता.

आजोबांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. नाव, मौजे, शेतसारा. जातीचा उल्लेख कुठेच नव्हता. मग ते स्वतःच बोलायला लागले. 1948 मध्ये ते तालुक्याच्या शाळेत सहावीत होते. बाकावर शेजारी एक मराठी मुलगा. दोघांची तख्ती एक, दऊत एक. तो मुलगा घरच्यांबरोबर वऱ्हाडात गेला आणि कारवाईनंतर परत आला. दरम्यान शाळेचं माध्यम मराठी झालं होतं. परतलेला दोस्त वर्गात पुढच्या बाकावर बसला. आजोबांना देवनागरी लिहिता येत नव्हती, म्हणून त्यांना लहान पोरांत बसवलं. वर्षभरात त्यांनी शाळा सोडली. "वो वापस आया बेटा," आजोबा म्हणाले, "और मैं यहींच था, पर मेरा इस्कूल चले गया."

परतणं या शब्दाबद्दल आपली एक ठाम समजूत असते: जो बाहेर गेला तोच बदलतो, गावात राहिलेला तसाच राहतो. 1948 नं ही समजूत खोटी ठरवली. फसली साल गेलं. हाली सिक्का काही वर्षांत बंद झाला. जहागिरी 1949 मध्ये बरखास्त झाली, आणि ते योग्यच झालं. पण त्याबरोबर उर्दूत शिकलेल्या साध्या घरातल्या पोराचं अक्षरज्ञानही निकामी झालं. गाव न सोडता तो परका झाला.

तीस वर्षांनी पुन्हा

असंच आणखी एकदा घडलं. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला आणि मराठवाड्यातल्या अनेक गावांत दलित वस्त्या पेटल्या. नांदेड आणि परभणी जिल्हे त्यात होरपळले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. औरंगाबादेत बाबासाहेबांनीच उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकणारी खेड्यांतली मुलं गावी परतली, तेव्हा चौथीपर्यंत सोबत गोट्या खेळलेले मित्र समोरच्या जमावात दिसल्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. विद्यापीठाची पाटी बदलायला सोळा वर्षं लागली. गावातलं बसणं-उठणं किती ठिकाणी पूर्ववत झालं, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मित्राचं म्हणणं

ग्रुप का सोडलास, हे मी मित्राला त्याच दिवशी दुकानात विचारलं. तो ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे बघत होता. "सतरा तारखेला तुमचे मेसेज येतेत," तो म्हणाला, "रझाकार असे, रझाकार तसे. खरंय ना, मी कुठं नाही म्हणलो? पण खाली एकजण लिहितो, अजून आहेत इथंच. अन् मंग कुणीच काही बोलत नाही. माझा पणजोबा विहिरी खोदायचा बे."

कुणीच काही बोलत नाही, यावरच तो अडला होता. ते वाक्य लिहिणारा एक होता. गप्प राहणारे आम्ही चाळीस होतो, आणि त्यातले निम्मे तरी पुण्या-हैदराबादेत लॅपटॉप घेऊन बसणारे, स्वतःला गावापेक्षा मोकळ्या मनाचे समजणारे. विणकरांना आडवं यायला जीव पणाला लावावा लागला होता. आमच्याकडून फार तर एक ओळ टाइप करण्याची अपेक्षा होती.

ग्रुपवर परत येशील का, या प्रश्नाला त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एवढंच म्हणाला, "पहिले आज्याचं सगळं लिहून घे. मंग बघू."

त्या आजोबांकडे आता माझं जाणं सुरू झालंय. रेकॉर्डिंग फोनवर होतं, मित्र शेजारी बसून दखनीतले अडलेले शब्द समजावतो, दुकानात गिऱ्हाईक आलं की उठून जातो. आजोबांना त्यांच्या त्या बाकावरच्या दोस्ताचं नाव आठवतं, आडनाव आठवत नाही. तो पुढे शिक्षक झाला एवढं माहीत आहे. आमचं सध्याचं काम त्याच्या घरच्यांना शोधण्याचं आहे. मित्राला आडनावाचा अंदाज आहे, मला गावाचा. पुढच्या खेपेला त्याच्या मोटारसायकलवर दोघं मिळून चारठाण्याच्या बाजूची दोन-तीन गावं बघून येऊ असं ठरलंय. गाडी त्यानं चालवायची, पेट्रोल मी टाकायचं, ही वाटणी शाळेपासूनची आहे.