चार चाकांचे बळ आणि थांबण्याची गोष्ट

बर्फात गाडी चालवणाऱ्यांमध्ये एक समजूत फार पक्की बसलेली दिसते. ‘फोर व्हील ड्राइव्ह आहे ना, मग बर्फाला काय भ्यायचे?’ आमच्या घरातली दोन मुले सध्या अशा देशांत आहेत, जिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे रस्ते पांढरे असतात. फोनवर हे वाक्य त्यांच्याकडूनही ऐकले. मग ही समजूत आली कुठून, हे शोधत वाचत गेलो. मास्तरकी सुटली तरी जित्याची खोड जात नाही!

वाचल्यावर ध्यानात आले ते असे: गाडी चालण्याचा एक इतिहास आहे आणि गाडी थांबण्याचा दुसरा. पहिला आपल्या तोंडपाठ असतो, दुसऱ्याकडे कोणी फारसे बघत नाही.

सुरुवात हॉलंडपासून करू. १९०३ साली तिथल्या स्पायकर बंधूंच्या कारखान्याने एक शर्यतीची मोटार बनवली. तिच्या इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांऐवजी चारही चाकांना मिळत होती. ती गाडी आजही हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे. गंमत म्हणजे त्याच गाडीत चारही चाकांना ब्रेक लागण्याची सोय होती. त्या काळी बहुतेक मोटारींचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असत. पुढच्या चाकांचे ब्रेक सर्रास दिसू लागले ते १९२० नंतरच्या दशकात. म्हणजे चालणे आणि थांबणे या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत एकत्र आल्या होत्या, पण पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. चार चाकांचे ब्रेक सगळ्याच गाड्यांना मिळाले. चार चाकांचे बळ मात्र मोजक्या गाड्यांकडे राहिले आणि कौतुकही त्याचेच झाले.

ते बळ जगभर नेले जीपने. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत पहिला नमुना उभा केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि कलेक्टर साहेबांपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत ती आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची झाली.

या जुन्या जीपची एक खोच होती. पुढच्या चाकांना ताकद द्यायची तर वेगळा दांडा ओढावा लागे, आणि कोरड्या रस्त्यावर तो ओढून ठेवणे चालत नसे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. दोन्ही जोड्या एकमेकींना पक्क्या बांधलेल्या असल्या, तर कोरड्या डांबरावर टायर ओढले जातात आणि यंत्रावर ताण येतो. चिखलात किंवा बर्फात चाके थोडी घसरून हा हिशेब भागवून घेतात. म्हणून फोर व्हील ड्राइव्ह हे मुळात रस्ता सोडून जाण्याचे, अडलेल्या ठिकाणाहून निघण्याचे साधन होते.

साध्या मोटारीत ते रुजवण्याचे मोठे श्रेय ऑडीला जाते. १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या चालू होत्या. तिथे जर्मन सैन्यासाठी तयार होत असलेली फोक्सवागनची इल्टिस ही ७५ अश्वशक्तीची गाडी बर्फावर तिच्याहून ताकदवान मोटारींना मागे टाकताना ऑडीचे अभियंते यॉर्ग बेन्सिंगर यांनी पाहिली. त्यातून क्वाट्रो जन्मली आणि १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल बसवल्यामुळे दांडा ओढण्याची कटकट संपली. चारही चाके कायम कामाला.

मग १९८६ सालची ती प्रसिद्ध जाहिरात आली. फिनलंडमधल्या काइपोला इथल्या स्कीच्या उडीच्या उतारावरून एक ऑडी खालून वर चढत जाते! पाहणाऱ्याच्या मनात ठसले ते एवढेच, की चार चाकांची गाडी बर्फाला जुमानत नाही. त्या गाडीच्या टायरना मुद्दाम खिळे बसवले होते, हे कितीजणांच्या लक्षात राहिले? आणि जाहिरातीत गाडी वर चढताना दिसते. त्या उतारावरून उतरून थांबायचे कसे, हा प्रश्न जाहिरातीला पडत नाही.

आपल्याला मात्र तो पडलाच पाहिजे. इथे थोडे गणित करू. सपाट, कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर साधारण ८ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला ३० मीटरच्या आसपास लागतात आणि काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर ६० हून अधिक. ब्रेक हल्ली प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. त्यामुळे ब्रेक दाबताक्षणी फोर व्हील ड्राइव्हची गाडी आणि साधी गाडी एका पायरीवर येतात, उलट जड गाडी उतारावर आवरणे अधिकच कठीण. धोका हा, की चार चाकांमुळे गाडी सहज वेग घेते आणि चालकाला रस्ता आहे त्यापेक्षा बरा वाटतो. पकड किती आहे ते पायाला कळते ब्रेक दाबल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो.

थांबण्याचा इतिहास लिहिला तो टायरने. मोबाइलमुळे आपल्याला ठाऊक झालेले नोकिया हे मुळात फिनलंडमधले एक गाव. तिथल्या रबराच्या कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी हिवाळी टायर काढला आणि १९३६ साली मोटारींसाठी हाक्कापेलीट्टा. साधा टायर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागतो. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. चाकांवर बांधायच्या साखळ्या तर त्याहून जुन्या, त्यांचे अमेरिकन पेटंट १९०४ सालचे. १९७८ साली मर्सिडीजमध्ये बॉशचे एबीएस आले. त्यामुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होत नाहीत आणि गाडी वळवता येते. पण भुसभुशीत बर्फावर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर कधीकधी वाढतेही. २०१० साली जर्मनीने बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे केले. फोर व्हील ड्राइव्ह आहे म्हणून त्यातून सूट नाही. कायद्याला जे कळले ते आपल्यालाही कळायला हरकत नाही.

आपल्याकडे हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि भर हिवाळ्यातही पर्यटक मनालीहून लाहौलला जाऊ लागले. त्यात आपली मराठी मंडळी काही कमी नसतात. बर्फ पडला, की पोलीस अनेकदा फोर बाय फोर गाड्यांनाच पुढे सोडतात. ते योग्यच, पण पुढे सोडले म्हणजे सुखरूप परत येण्याची हमी मिळाली असे नव्हे.

म्हणून घरच्या मुलांसाठी चार गोष्टी. जुन्या पद्धतीची गाडी असेल तर चढ किंवा उतार लागण्याआधीच फोर व्हीलमध्ये टाका, अडकल्यावर नव्हे. उतारावर खालचा गिअर ठेवा, असल्यास लो रेंज वापरा. इंजिनाचा रोध चारही चाकांना सारखा मिळतो, उतारावर चार चाकांचा खरा फायदा हाच. अॅक्सिलरेटर, ब्रेक, स्टिअरिंग सगळे हळुवार, जणू मांडीवर भरलेले ताक आहे. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर ठेवा. घसरलात तर पाय सैल करा आणि जायचे तिकडे बघत चाक वळवा.

आणि गाडी अडकलीच, तर? जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे गेली, त्यात लहान मुलेही होती. थंडीबरोबरच विषारी वायूही कारणीभूत असल्याचे तेव्हा सांगितले गेले. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले आणि उबेसाठी इंजिन चालूच ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. म्हणून सायलेन्सरभोवतीचा बर्फ आधी काढा, इंजिन थोडा वेळच चालवा आणि खिडकीची फट उघडी ठेवा.

तेव्हा मुलांनो, गाडी घेताना ती किती चाकांनी चालते हे जरूर विचारा. पण बर्फाच्या रस्त्यावर निघताना टायर कोणते आहेत आणि थांबायला किती जागा आहे, हे दोन प्रश्न आधी. आणि पोचल्यावर फोन करा, वेळ कोणतीही असो.