पाहुणे डोंगरात आले, पैसा कुठे थांबला?

आज आपण नेपाळची गोष्ट ऐकूया. डोंगराळ देश, शेती थोडी, कारखाने कमी. तिथे पर्यटनाने लोकांच्या हाती काय दिलं, ते पाहू.

राणा घराण्याची सत्ता 1951 साली संपली. तोवर परदेशी माणसाला नेपाळचं दार जवळजवळ बंदच होतं. 29 मे 1953 रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. 1964 साली जिमी रॉबर्ट्स यांनी डोंगरातल्या पायी सहलींची कंपनी काढली. 1962 साली वर्षभरात सहा हजारांच्या आसपास पर्यटक आले होते; 2019 साली सुमारे बारा लाख आले.

पण पाहुणे वाढले म्हणजे गावातला पैसा तेवढाच वाढला, असं नाही. सहलीचे पैसे बरेचदा शहरातल्या किंवा परदेशातल्या कंपनीकडे भरले जातात. डबाबंद खाणं, गॅस बाहेरून येतो. पुष्कळ गावांच्या वाट्याला फक्त ओझं वाहण्याची मजुरी आली. पाहुण्यांच्या स्वयंपाकाला आणि अंघोळीच्या पाण्याला सरपण लागे. जंगल मागे हटलं, की लाकडासाठी बाईलाच लांब जावं लागतं, हे आपल्याला सांगायला नको.

यावर तिथल्या लोकांनी वाटा शोधल्या. 1986 साली अन्नपूर्णा भागात संवर्धन प्रकल्प सुरू झाला. पर्यटकांकडून घेतलेलं प्रवेशशुल्क त्याच भागातल्या कामांवर खर्च करायचं ठरलं. तिथल्या गावांत 'आमा समूह' आहेत. आमा म्हणजे आई. या बाया पाहुण्यांसमोर गाणी-नाच करून पैसे जमवतात आणि त्यातून पायवाटा दुरुस्त करतात. गावातल्या दारू-जुगाराविरुद्धही त्या उभ्या राहिल्या.

1997 साली सिरुबारी या गुरुंग लोकांच्या गावात पाहुण्यांना घरोघरी उतरवायला सुरुवात झाली. कोणाकडे कोण उतरणार, हे गावची समिती पाळीने ठरवते. त्यामुळे रस्त्याकडेच्या एकाच घराची चांदी होत नाही. पोखऱ्यात छेत्री आडनावाच्या तीन बहिणींनी 1994 साली बायकांसाठी बायकाच वाटाड्या, असं काम सुरू केलं. पुढे त्यांनी डोंगरातल्या मुलींना त्याचं प्रशिक्षणही दिलं.

तरीही हा धंदा नाजूक आहे. 2015 च्या भूकंपाने पायवाटा आणि घरं पडली. 2020 साली कोरोनामुळे पर्यटक सुमारे दोन लाख तीस हजारांवर आले. कर्ज काढून खोल्या बांधणाऱ्यांना हप्ता चुकत नव्हता, पण पाहुणा नव्हता. ज्यांनी शेत आणि गुरं राखली होती, त्यांच्या चुलीला आधार राहिला. आजही नेपाळला परदेशात राबणाऱ्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा पर्यटनापेक्षा कितीतरी जास्त मिळतो.

म्हणजे पर्यटन हा चांगला जोडधंदा आहे, पण सगळं घर त्यावर उभं करू नये. उद्या तुमच्या गावात कोणी पर्यटन आणायचं म्हणालं, तर गटाच्या बैठकीत चार प्रश्न नक्की विचारा. पैसे कोण घेणार? पाळी कोण ठरवणार? पाणी आणि सरपण कुठून येणार? आणि पाहुणे आलेच नाहीत, तर हप्ता कशातून भरणार?