बारामतीचं सांडपाणी जातं कुठे? समजून घ्या ३० आणि ३ चं गणित

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामी असते. पुढे इंदापूर तालुक्यातल्या सराटी इथे पादुकांना नीरा स्नान घातलं जातं, हजारो वारकरीही नदीत उतरतात. हे पाणी किती स्वच्छ असेल, हे वरच्या गावांमधल्या गटारांवरही ठरतं.

नद्यांचा नकाशा

बारामती शहर कऱ्हेच्या काठी वसलं आहे. बारामती तालुक्यातल्या सोनगावला कऱ्हा नीरेला मिळते. नीरा सराटीवरून पुढे जाऊन नीरा नरसिंहपूरला भीमेत मिसळते आणि पंढरपुरात हीच भीमा चंद्रभागा म्हणून ओळखली जाते.

सांडपाणी किती?

भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं जातं. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. २०११ च्या जनगणनेत बारामतीची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. या हिशेबाने तेव्हाच रोज ५८ लाख लिटर सांडपाणी झालं. त्यानंतर शहर वाढलं आहे.

प्रक्रिया केंद्रात काय होतं?

आधी जाळीत प्लास्टिक, चिंध्या अडवतात. मग वाळू खाली बसवतात. त्यानंतर टाकीत हवा सोडली जाते. या हवेवर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. शेवटी गाळ वेगळा करून पाणी निर्जंतुक करतात. वीज गेली आणि हवा बंद पडली, तर जिवाणू मरतात आणि केंद्र नावालाच उरतं.

३० आणि ३ चं गणित

पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खर्च होईल, याचं माप म्हणजे बीओडी. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार महानगरांबाहेरच्या केंद्रांतून सोडलेल्या पाण्यात तो लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ही मर्यादा १० वर आणायला सांगितलं. अंघोळीयोग्य नदीसाठी मात्र बीओडी ३ किंवा त्याहून कमी हवा.

म्हणजे नियम पाळूनही पाणी दहापट घाण असू शकतं. उरलेली सफाई नदीच्या वाहत्या पाण्याने करावी, असं गृहीत धरलेलं असतं. कऱ्हा अवर्षणप्रवण पुरंदरमधून येते. उन्हाळ्यात तिला स्वतःचं पाणी फारसं नसतं, त्यामुळे सांडपाण्यात मिसळायला चांगलं पाणीच उरत नाही.

इंदापूरची अडचण वेगळी

इंदापूरजवळ उजनी धरणाचा फुगवटा आहे. तिथे पाणी साचून राहतं. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळ आणि जलपर्णीसाठी खतच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही मुळा-मुठा आणि भीमेतून याच जलाशयात येतं. त्यामुळे एकट्या इंदापूरने कितीही केलं तरी ते अपुरं पडणार.

मग उपाय काय?

पहिलं काम गटारांचं. घराघरातलं पाणी केंद्रापर्यंत पोहोचलंच नाही, तर कोट्यवधींचं केंद्र असूनही नाले नदीतच जातात. दुसरं, सेप्टिक टँकमधला मैला ओढ्यात न रिकामा करता प्रक्रियेसाठी नेणं. तिसरं, शुद्ध केलेलं पाणी बागा, बांधकामं आणि शेतीसाठी वापरणं. कोरड्या नदीच्या गावासाठी हा उपाय सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण जे पाणी पुन्हा वापरलं जातं ते नदीत सोडावंच लागत नाही.

नागरिक काय विचारू शकतात?

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नदीत सोडणाऱ्यांवर कारवाई करू शकतं. माहितीच्या अधिकारात नगरपरिषदेला तीन प्रश्न विचारता येतात: रोज किती सांडपाणी तयार होतं, त्यातलं किती केंद्रात पोहोचतं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी किती? केंद्राचं उद्घाटन कधी झालं, यापेक्षा या तीन आकड्यांवरून नदीची स्थिती जास्त कळते.