रहीमसाहेब : एका शिक्षकाचे स्मरण

हेंद्रेपाड्यातील आमच्या मुलांना क्रिकेटवीरांची नावे मुखोद्गत आहेत. परंतु सय्यद अब्दुल रहीम हे नाव २०२४ साली ‘मैदान’ चित्रपट येईपर्यंत आम्हां वडीलधाऱ्यांच्याही कानी क्वचितच पडले होते.

१९०९ साली हैदराबादेस जन्मलेले रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉल खेळले. १९५० पासून अखेरपर्यंत हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्याच हाताखाली होता. मराठवाडा १९५६ पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात असल्याने हा गृहस्थ आम्हांस अगदीच परका नव्हे!

त्यांच्या भारतीय संघाने १९५१ साली दिल्लीस आशियाई सुवर्णपदक मिळविले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या टाटा संघाच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले. भारत चौथा आला.

खरी परीक्षा झाली ती १९६२ साली, जकार्तात. रहीमसाहेबांच्या देहात कर्करोग. त्यात पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव. पुढे बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले. दुसरा कोणी त्याला विश्रांती देता. रहीमसाहेबांनी त्यास चक्क आघाडीस धाडले! त्याने उपान्त्य सामन्यात गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यातही. प्रेक्षक भारतीयांची हुर्यो उडवीत असता कोरियाचा २-१ असा पाडाव झाला.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब निवर्तले. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ साली. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक जकार्तानंतर भारतास पुन्हा लाभलेले नाही.