आगकाडीतलं विष

इंग्लंडच्या स्टॉकटन-ऑन-टीज या गावी जॉन वॉकर नावाच्या माणसाचं औषधांचं दुकान होतं. तरुणपणी त्याने शल्यवैद्याच्या हाताखाली उमेदवारी केली, पण चिरफाड पाहवेना म्हणून तो औषधांकडे वळला. त्याच्या दुकानाच्या वहीत ७ एप्रिल १८२७ रोजी घासून पेटणाऱ्या काड्यांच्या विक्रीची नोंद आहे. पोटॅशियम क्लोरेट, अँटिमनी सल्फाइड आणि डिंक यांचा लगदा काडीच्या टोकाला लावून वाळवायचा आणि दुमडलेल्या खरकागदात काडी धरून ओढायची, की जाळ. चकमक झाडत बसणाऱ्या जगाला ही जादूच वाटली असणार. वॉकरने पेटंट घेतलं नाही. लंडनच्या सॅम्युअल जोन्सने लवकरच तशाच काड्या ‘लुसिफर’ या नावाने बाजारात आणल्या.

आगकाडीचा जनक म्हणून वॉकरचं नाव घेतात, आणि तो मान त्याचाच आहे. पण कहाणी इथे संपवली, तर तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग राहून जातो.

वॉकरची काडी पेटायला नाठाळ होती. १८३०च्या सुमारास फ्रान्समधल्या शार्ल सोरिया या तरुणाने तिच्यात पांढरा फॉस्फरस घातला आणि काडी भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, कुठेही घासली तरी पेटू लागली. धंदा युरोपभर पसरला. मात्र हा फॉस्फरस जहाल विषारी. कारखान्यात त्याच्या वाफा दिवसभर नाकातोंडात जात. आधी दाढ दुखायची, मग हिरड्या सुजायच्या, पू व्हायचा आणि शेवटी जबड्याचं हाडच कुजायचं. जबडा कापून काढणं हा त्यावरचा उपाय. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी १८४५ मध्येच असे रुग्ण नोंदवले होते.

तोडगाही तेव्हाच निघाला होता, हे वाचून आजही संताप येतो. गुस्ताफ एरिक पाश या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १८४४ मध्ये सुरक्षित काडीचं पेटंट घेतलं. त्याची कल्पना साधी आणि थोर होती. जाळ पेटवणारी द्रव्यं एकत्र ठेवायचीच नाहीत. काडीच्या गुलात क्लोरेट, आणि बिनविषारी तांबडा फॉस्फरस वेगळ्या पट्टीवर. दोघांची गाठ पडेल ती फक्त घासताना. पाशची कृती महाग पडली. पुढे यनशॉपिंग गावच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी ती सुधारली आणि १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात तिला पदक मिळालं. आज आपण पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीवर काडी ओढतो, ती पाशचीच.

तरीही पांढरा फॉस्फरस आणखी अर्धं शतक टिकला, कारण तो स्वस्त होता आणि गिऱ्हाइकाला कुठेही पेटणारी काडी हवी होती. लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीकडे सुरक्षित काडीचे ब्रिटनमधले हक्क होते. तीच कंपनी विषारी काड्याही बनवत राहिली. पाय मळके दिसले, कामात बोललं, तर मुलींच्या तुटपुंज्या मजुरीतून दंड कापला जाई. भागधारकांना मात्र २० टक्क्यांहून जास्त लाभांश मिळे. जून १८८८ मध्ये ॲनी बेझंट यांनी यावर जळजळीत लेख लिहिला. लेख खोटा आहे असं लिहून देण्यासाठी कंपनीने कामगार स्त्रियांवर दबाव आणला, त्यांनी नकार दिला आणि एकीला कामावरून काढताच जुलैत सुमारे १४०० मुली आणि बायका कारखान्याबाहेर पडल्या. पंधरवड्याच्या आत कंपनी नमली. दंड बंद झाले आणि जेवायला वेगळी खोली मिळाली. आधी त्या कामाच्या जागीच भाकरी खात आणि घासाबरोबर विष पोटात जाई. म्हणून त्या खोलीचं मोल मला दंडमाफीपेक्षा मोठं वाटतं. सेरा चॅपमन ही कामगार स्त्री नव्या युनियनच्या समितीवर निवडून आली. याच बेझंटबाईंनी पुढे १९१६ मध्ये, टिळकांनी होमरूल लीग काढली त्याच वर्षी, आपली होमरूल लीग उभारली.

संपाने विष मात्र गेलं नाही. फ्रान्समध्ये १८९८ मध्ये सेवेन आणि काहें यांनी फॉस्फरस सेस्क्विसल्फाइड वापरून कुठेही पेटणारी बिनविषारी काडी बनवली, तेव्हा कारखानदारांची शेवटची सबब संपली. १९०६च्या बर्न करारात अनेक देशांनी पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी मान्य केली. भारतात तसा कायदा १९१३ साली झाला. अंबरनाथचा विमकोचा कारखाना आणि शिवकाशीचा आगकाडीचा धंदा हे दोन्ही त्यानंतरचे.

मुलांना शोधांच्या गोष्टी सांगताना जॉन वॉकरचं नाव अवश्य सांगा. त्याच दमात पाशचं आणि सेरा चॅपमनचंही सांगा.